घरचा धंदा, घरची विद्या

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



लहान कौटुंबिक धंद्यांतील नेतृत्व आणि विद्येची देवघेव या विषयावर मी चार शब्द बोलावे अशी आपल्या मंडळाने इच्छा व्यक्त केली. विषयाचे नाव भारदस्त आहे. पण तो आपल्या रोजच्या जगण्यातला आहे. आपल्या संमेलनांतून आपण परीक्षांत यश मिळविलेल्या मुलामुलींचा दरवर्षी सत्कार करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु जी विद्या शाळेत मिळत नाही, जी दुकानाच्या गादीवर, गिरणीच्या भट्टीपाशी किंवा कारखान्यातल्या पाटावर बसूनच मिळते, तिचा हिशेब आपण क्वचितच मांडतो. आज तो मांडावा असा माझा विचार आहे.

कोणत्याही धंद्याचे भांडवल किती, असे विचारले की आपण पैसा सांगतो. फार तर जागा, यंत्रे आणि शिल्लक माल सांगतो. यापलीकडे आणखी एक भांडवल असते. ते वहीत जमेच्या बाजूस लिहिलेले नसते, त्यावर कोणतीही बँक कर्ज देत नाही, आणि वाटणीच्या वेळी पंचही त्याचा उल्लेख करीत नाहीत. ते म्हणजे धंद्याची विद्या. भात किती वेळ भिजविले म्हणजे पोहा तुटत नाही, भट्टीत ते किती भाजावे, जाड पोह्याला कोणते भात घ्यावे आणि पातळ पोह्याला कोणते, हे जाणणारा माणूस गिरणीत असतो. उडदाचे पीठ या खेपेस पाणी किती पिईल, पापडखार किती लागेल, हवेत दमटपणा असता पापड किती वाळवावा, हे जाणणारी बाई घरात असते. कोणत्या गिऱ्हाइकाला उधारी द्यावी, कोणाची बाकी भात विकल्यावर आपोआप येते आणि कोणाकडे तगादा लावल्यावाचून येत नाही, हे दुकानदाराला पाठ असते. पेणचे पोहे आणि पापड यांचे जे नाव महाराष्ट्रभर झाले, ते यंत्रांमुळे झाले नाही. तशी यंत्रे पैसे टाकले की कोठेही मिळतात. ते नाव या विद्येमुळे झाले.

आता प्रश्न असा की, हे भांडवल ठेवलेले असते कोठे? बहुतेक घरांत ते एकाच माणसाच्या डोक्यात असते, आणि त्या माणसाचे वय बहुधा साठीच्या पुढे असते. रोख रक्कम आपण तिजोरीत ठेवतो, तिची किल्ली कोठे आहे हे दुसऱ्या कोणास तरी ठाऊक असावे अशी दक्षता घेतो. विद्येच्या बाबतीत मात्र तिजोरी आणि किल्ली एकाच माणसाबरोबर जातात. तो माणूस आजारी पडला की गिरणी चालू असूनही पोहा बिघडतो. तो गेला की वर्षा-दोन वर्षांत पाटी उतरते. लोक म्हणतात, मुलांना धंदा जमला नाही. खरी गोष्ट अशी असते की मुलांना धंदा कोणी सांगितलाच नव्हता. तोट्याने बुडालेले धंदे आपण मोजतो; अबोल्याने बुडालेले धंदे मात्र कोणीच मोजीत नाही.

वडीलधाऱ्यांना दोष देण्याच्या हेतूने मी हे बोलत नाही. विद्या राखून ठेवण्यामागे त्यांची कारणे असतात, आणि ती सगळीच क्षुद्र नसतात. पहिले कारण भीतीचे. हाताखालच्या गड्याला सारे शिकविले तर उद्या तो समोरच दुकान थाटील, ही भीती अगदीच निराधार आहे असे कोण म्हणेल? दुसरे कारण मायेचे. आपण धुरात आणि उन्हात जन्म काढला, मुलाने तरी तो काढू नये, त्याने शिकावे आणि नोकरी करावी, असे बापाला वाटते. म्हणून तो मुलाला भट्टीजवळ येऊच देत नाही. रोह्यालगत धाटावची औद्योगिक वसाहत उभी राहिल्यापासून अशा नोकऱ्याही गावाच्या उंबरठ्यावर आल्या. तिसरे कारण मानाचे. सारे ठाऊक झाले तर घरात आपले महत्त्व काय उरले, हा विचार म्हातारपणी मनात येतो, आणि तो येणे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. चौथे कारण सर्वांत साधे, आणि माझ्या मते सर्वांत मोठे. आपल्याला जे येते ते विद्या आहे, हेच त्या माणसाच्या ध्यानात आलेले नसते. चाळीस वर्षे हाताने केलेली गोष्ट शब्दांत सांगण्याचा प्रसंगच कधी आलेला नसतो.

या भीतीचा आणि मायेचा विचार करताना आपल्याला दूर जावयास नको. पेण गावातच याचे एक मोठे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर घडले आहे. ते म्हणजे गणेशमूर्तींचा धंदा.

पेणच्या मूर्तिकलेला शंभर वर्षांहून अधिक काळाची परंपरा आहे. देवधरांसारख्या घराण्यांनी आपल्या कार्यशाळांतून हा धंदा नावारूपाला आणला. मूर्तीची माती गुजरातेतून येते. तेव्हा मातीचे श्रेय पेणला घेता येणार नाही. पेणचे म्हणून जे काही आहे ते बोटांत आहे. साचा भरणे, सांधे जुळविणे, अंग घोटून गुळगुळीत करणे, रंग देणे, आणि शेवटी डोळ्यांची आखणी करणे, अशा पायऱ्यांनी मूर्ती पुरी होते. यांतले डोळे आखण्याचे काम सर्वांत कठीण मानले जाते. कारण मूर्तीचा सारा भाव तेथे उतरतो. जुने कारागीर हे काम सहसा दुसऱ्याच्या हाती देत नसत. तरीही या कार्यशाळांनी एक गोष्ट केली. त्यांनी आजूबाजूच्या गावांतील तरुणांना कामावर घेतले आणि काम करता करता ते शिकले. पुढे हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे, दादर या गावांतून घरोघर कारखाने निघाले. आज पेण तालुक्यात घडलेल्या मूर्ती मुंबई-पुण्याला तर जातातच, पण परदेशांतील मराठी घरांसाठीही सणाच्या कित्येक महिने आधी जहाजाने रवाना होतात.

आता आपल्या भीतीला येथे ताडून पाहू. शिकलेल्या माणसाने समोर दुकान थाटले काय? थाटले, एकाने नव्हे, शेकडोंनी थाटले. मग मूळच्या कार्यशाळा बुडाल्या काय? बुडाल्या नाहीत. उलट पेण हे मूर्तींचे गाव म्हणून असे प्रसिद्ध झाले की घाऊक व्यापारी माल घेण्यासाठी आपण होऊन तेथे येऊ लागला. एकच कार्यशाळा असती तर तो कदाचित आला नसता. शेकडो कारखाने एकत्र असल्यामुळे माती आणणारा, रंग विकणारा, साचे करणारा, मूर्ती बांधून गाडीत चढविणारा असे सारे पूरक धंदे तेथे उभे राहिले, आणि त्यांचा लाभ जुन्या घराण्यांनाही मिळाला. विद्या वाटली म्हणून गिऱ्हाईक वाटले गेले हे खरे; पण वाटण्यासारखे गिऱ्हाईकही त्याच वाटण्यातून निर्माण झाले.

पण या उदाहरणाची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. धंदा पसरला तशी दराची चढाओढ लागली. शाडूची मूर्ती जड, नाजूक आणि वाळायला वेळ घेणारी. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती हलकी, झटपट आणि स्वस्त. अनेक कारखाने प्लास्टरकडे वळले. पुष्कळ तरुणांनी प्लास्टरचेच काम शिकले. शाडूच्या मातीला हात लावण्याची त्यांना गरजच पडली नाही. पुढे मे २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढून प्लास्टरच्या मूर्तींना मनाई सुचविली. हा वाद न्यायालयात गेला, आणि काही वर्षे हजारो कारागिरांच्या पोटावर टांगती तलवार राहिली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडविण्यास व विकण्यास मुभा दिली. नैसर्गिक पाण्यात त्यांचे विसर्जन करण्यावर मात्र बंधने राहिली. त्या अनिश्चिततेच्या काळात सर्वांत निश्चिंत कोण होता? ज्याच्या घरात शाडूची जुनी विद्या जिवंत होती तो. आणि सर्वांत हवालदिल कोण झाला? ज्याला धंद्याची एकच पायरी ठाऊक होती तो.

यावरून मला दोन गोष्टी दिसतात. एक, विद्या दिल्याने धंदा वाढतो. दोन, विद्या अर्धी दिली तर वाढलेला धंदा पोकळ राहतो. झटपट होणारे काम तेवढे शिकवायचे आणि त्याच्या मुळाशी असलेली पारख मागे ठेवायची, हे शिकविणे नव्हे. ती केवळ मजुरी करून घेणे आहे.

विद्या वाटावी आणि तिचा दर्जाही राखावा, हे दोन्ही साधते काय? साधते. पापडाचाच दाखला घ्या. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईस गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला. तीच आजची लिज्जत पापड ही संस्था. पुढे तिच्या सभासद भगिनींची संख्या ४० हजारांच्या वर गेली. या संस्थेची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. पीठ केंद्रावर एकाच प्रमाणाने मळले जाते. भगिनी ते घरी नेऊन लाटतात. लाटलेले पापड परत आले की ते वजन करून आणि तपासून घेतले जातात. लाटण्याची विद्या सर्वांची. प्रमाण आणि पारख मात्र एकच. शिवाय लाटणारी प्रत्येक भगिनी ही संस्थेची मालक समजली जाते. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. पेणच्या पापडाची चव कोणाहूनही उणी नाही, हे आपण सारे जाणतो. आपल्या घरोघरच्या सुगरणींनी आपापले प्रमाण आपापल्यापाशीच ठेवले, आणि तिकडे सातजणींनी ते एकत्र केले. मला दिसतो तो फरक एवढाच.

महाराष्ट्रातील आणखी एका घराण्याचे उदाहरण सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे लहानसे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगर केले, आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडी नांगराने जमीन बाटते असा समज बाळगणाऱ्या शेतकऱ्याला नांगर विकावयाचा, तर आधी त्याला समजावून सांगणे भाग होते. १९२० साली त्यांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्यातील माणसे, विक्रेते आणि गिऱ्हाइके यांना कारखान्याची माहिती कळावी, हा तिचा आरंभीचा हेतू होता. पुढे तिचेच एक नामांकित मराठी मासिक झाले. एका घरगुती कारखान्याने आपल्याला जे समजले ते छापून वाटले, आणि त्यामुळे तो दुबळा झाला नाही. सायकलीच्या दुकानापासून निघालेले घराणे हे करू शकले; तेव्हा आम्ही लहान माणसे, आम्हाला हे कसे जमणार, असे म्हणण्यास फारशी जागा उरत नाही.

उलट बाजूचा दाखला युरोपातून घेता येईल. इटलीतील क्रेमोना गावी अंतोनियो स्त्रादिवारी नावाचा व्हायोलिन घडविणारा एक महान कारागीर होऊन गेला. तो १७३७ साली वारला. त्याचे दोन मुलगे त्याच्याच हाताखाली काम करीत. तेही पुढच्या पाच-सहा वर्षांत निवर्तले, आणि त्या कार्यशाळेची परंपरा खुंटली. त्याच्या वाद्यांना आज कोट्यवधींची किंमत येते, लाकूड आणि रोगण यांची शास्त्रज्ञ तपासणी करतात, तरी त्याच्या हाताचे नेमके वर्म कोणते याविषयी अद्याप एकमत नाही. कुटुंबातल्या दोघांना शिकविले होते. पण तेवढे पुरले नाही. विद्या घरातल्या एक-दोन जीवांवर ठेवणे किती धोक्याचे असते, हे यावरून दिसते.

जपानमध्ये ओसाका शहरी कोंगो गुमी नावाची देवळे बांधणारी कौटुंबिक पेढी इसवी सन ५७८ पासून चालत आली. चौदाशे वर्षे एक धंदा एका घराण्यात कसा टिकला? त्यांचा एक नियम असा की, गादीवर थोरला मुलगाच बसला पाहिजे असा आग्रह नव्हता. मुलगा लायक नसेल तर लायक जावई घरात घेऊन त्याला घराण्याचे नाव देत. आणि विसाव्या शतकात एकदा तर घरच्या सुनेने पेढीचा कारभार हाती घेतला. अखेर २००६ साली ही पेढी कर्जामुळे दुसऱ्या उद्योगसमूहात विलीन झाली. ते कर्ज कशाने झाले? देवळे बांधण्याच्या धंद्याने नव्हे. तेजीच्या काळात जमिनींच्या व्यवहारात पैसा गुंतविल्याने. मात्र त्यांच्या सुतारांची विद्या शाबूत होती, म्हणून नव्या छत्राखालीही देवळे बांधण्याचे काम चालू राहिले. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा पूल खुला झाल्यापासून मुंबई पेणच्या अधिकच जवळ आली आहे आणि जमिनीच्या भावाच्या गोष्टी आपल्याकडे ओटीओटीवर चालतात. तेव्हा जपानमधील या पेढीची हकीकत आपण जरा सावकाश वाचावी, अशी माझी विनंती आहे. जमीन एकदा विकता येते. विद्या पुन:पुन्हा विकता येते.

आता नेतृत्वाविषयी. आपल्या एकत्र कुटुंबाच्या कायद्यात घराच्या प्रमुखाला ‘कर्ता’ म्हणतात. शब्द फार सुंदर आहे. मात्र व्यवहारात आपण त्याचा अर्थ ‘सगळे स्वत: करणारा’ असा घेतला. सकाळी कुलूप तोच उघडणार, माल तोच घेणार, भाव तोच ठरविणार, पैसे तोच मोजणार. असा माणूस कष्टाळू खरा, पण तो पुढारी नव्हे. ज्याच्या हाताखाली दुसरे कर्ते तयार होतात तोच खरा कर्ता, असे मी म्हणेन. त्याची कसोटीही सोपी आहे. तो पंढरपूरला पंधरा दिवस गेला, तर दुकान चालते काय? परत आल्यावर त्याला सगळे जसेच्या तसे मिळाले तर त्याने धंदा राखला. काही बाबतींत सुधारलेले मिळाले तर त्याने धंदा वाढविला. सगळे विसकटलेले मिळाले तर मात्र, आपल्यावाचून पान हलत नाही, या विचाराने सुखावण्याचे कारण नाही. काळजी करण्याचे कारण आहे.

रोह्याच्या मंडळींना चिंतामणराव देशमुखांचा सार्थ अभिमान आहे. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले आणि पुढे देशाचे अर्थमंत्रीही झाले. त्यांच्यानंतर बँकेला अनेक गव्हर्नर आले आणि गेले. बँक मात्र अखंड चालू आहे. थोर माणसावाचूनही संस्था चालते, याचे कारण तिचा अनुभव नोंदींत उतरलेला असतो. आपली किराणा दुकाने आणि गिरण्या या मोठ्या बँका नाहीत. पण एक दोनशे पानी वही घालण्याइतके सामर्थ्य प्रत्येक दुकानात आहे.

आणि घरातल्या स्त्रियांविषयी बोलल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. आपल्या कितीतरी धंद्यांची निम्मी विद्या स्त्रियांच्या हाती आहे. पापड, मिरगुंडे, मसाले हे त्यांचे राज्य. शिवाय दुपारच्या वेळी गल्ल्यावर बसणारी, येणाऱ्या-जाणाऱ्यांची बाकी तोंडपाठ ठेवणारी गृहिणी आपण प्रत्येक आळीत पाहतो. तरीही दुकानाचा निर्णय घेताना तिला विचारले जाते काय? मुलगी परक्या घरी जाणार म्हणून तिला शिकवायचे नाही आणि सून परक्या घरून आली म्हणून तिला सांगायचे नाही, असा न्याय लावला तर शिकणार तरी कोण? महाराष्ट्राने १९९४ साली आणि सबंध देशाने २००५ साली एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा जन्मसिद्ध हक्क दिला. मिळकतीत हक्क आणि विद्येत मज्जाव, हे दोन्ही एका घरात फार काळ नांदू शकणार नाहीत.

आता काही व्यवहाराच्या सूचना करतो आणि आटोपते घेतो.

पहिली सूचना वहीची. रोजकीर्द आणि खतावणी यांच्याबरोबर प्रत्येक घराने एक तिसरी वही घालावी. दिवाळीत वहीपूजन होते त्याच दिवशी हिचीही पूजा करावी. तीत माल कोठून घेतो, प्रमाणे कोणती, यंत्र कोणत्या आवाजाने बिघाड सांगते, कोणत्या साली काय चुकले आणि का चुकले, हे लिहावे. वडिलांना लिहिण्याचा कंटाळा असेल तर त्यांनी सांगावे आणि नातवाने लिहून घ्यावे. आता तर खिशातल्या फोनवर त्यांचा आवाजही जसाच्या तसा टिपता येतो.

दुसरी सूचना अशी की, मुलामुलींना आकडे दाखवावेत. नफा किती, कर्ज किती, उधारी किती अडकली, हे वयात आलेल्या मुलांपासून लपवू नये. बापाची ओढाताण ज्याला ठाऊक नाही, त्याला दुकान म्हणजे नुसता गल्ला वाटतो.

तिसरी सूचना, हाताखालच्या माणसाला पुरते शिकवावे. तो जाईल ही भीती असेल तर त्याला राहावेसे वाटेल असा पगार आणि मान द्यावा; जमल्यास नफ्यात अंशही द्यावा. अर्धवट शिकविलेला माणूस टिकतो असे नाही, पण माल मात्र हमखास बिघडवितो.

चौथी सूचना वडीलधाऱ्यांस, आणि ती मी हात जोडून करतो. विद्येचा ओघ वरून खालीच वाहतो असे नाही. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, फोनवरून पैसे देण्याची रीत आली, खाद्यपदार्थांसाठी अन्नसुरक्षेचा परवाना आला. या सगळ्यांत घरातली तरुण पिढीच आपली गुरू झाली. ज्या घरात आजोबांनी नातीकडून हे शिकून घेतले, त्या घरात नातही आजोबांकडून भाताची पारख शिकावयास बसते. देवघेव या शब्दात देणे आणि घेणे दोन्ही आहे.

पाचवी सूचना आपल्या मंडळास. पेण आणि रोहा यांच्यामध्ये रेल्वेची मोजकीच स्थानके आहेत. १९८६ साली गाडी रोह्यापर्यंत आली तेव्हापासून ही वाट सोपी झाली आहे. दर तीन महिन्यांनी, एकदा पेणला आणि एकदा रोह्याला, धंदा करणाऱ्या कुटुंबांनी एकत्र बसावे. एका अनुभवी माणसाने आपल्या धंद्यातील एकच गोष्ट सांगावी आणि दोन तरुणांनी तिचे टिपण ठेवावे. निवडक टिपणे अशाच स्मरणिकेत छापावीत. कोणी म्हणेल, गुपिते फोडावयाची काय? नाही. आपला खरेदीचा भाव, गिऱ्हाइकांची नावे, देण्याघेण्याच्या खाजगी गोष्टी ज्याच्या त्याने आपल्यापाशी ठेवाव्यात. परंतु हिशेब कसा ठेवावा, बुडीत उधारी कशी टाळावी, यंत्राची निगा कशी राखावी, परवाना कसा काढावा, भावाभावांची वाटणी होताना धंदा अखंड कसा ठेवावा, यांत गुपित ते कोणते? यांतली प्रत्येक गोष्ट एका घरात कोणीतरी ठेच खाऊन शिकलेला असतो, आणि शेजारच्या घरात दुसरा कोणीतरी त्याच दगडाला ठेच खात असतो. ज्ञातिसंस्थेचा उपयोग आपण लग्ने जुळविण्यासाठी आणि बक्षिसे वाटण्यासाठी करतो. तो यासाठीही व्हावा. मात्र या बैठकीचे दार ज्ञातीपुरतेच उघडे ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पेणच्या मूर्तिकलेने शिकावयास आलेल्याची जात विचारीत बसण्यापेक्षा त्याचे बोट पाहिले, तेथेच ती वाढली.

एकेकाळी अंतोरे बंदरातून पेणचा माल गलबतांनी मुंबईस जाई. गलबते गेली, मोटारी आल्या. पुढे रेल्वे आली, आता पूलही झाला. वाट बदलली की जुने धंदे बुडतात असे म्हणतात. परंतु वाटा बदलत असतानाही पेणचा पापड, रोह्याचा पोहा आणि आपल्या भागातील गणपती बाजारात टिकून राहिले. ते टिकविणाऱ्या माणसांपैकी कित्येकजण आज या सभागृहात पुढच्या रांगांत बसले आहेत. मागच्या रांगांत बसलेल्या तरुणांना माझे सांगणे इतकेच की, हे संमेलन संपण्याच्या आत त्यांच्यापाशी जाऊन एक तरी प्रश्न विचारा. आणि पुढच्या रांगांतील वडीलधाऱ्यांना माझी विनंती इतकीच की, विचारलेल्या प्रश्नाला पुरते उत्तर द्या.